सासूबाईंच्या मेडिकेडचा हिशेब

न्यू जर्सीच्या एडिसन-इझेलिन पट्ट्यात आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत एखादी आजी किंवा आजोबा मेडिकेडवर, म्हणजे गरजूंसाठीच्या सरकारी आरोग्ययोजनेवर आहेत. सकाळी म्हाताऱ्यांच्या डे केअरची व्हॅन दारात येते, आजी शाल सावरत पायरी चढतात, आणि दुपारी व्हॅन परत येईपर्यंत नोकरीवर गेलेल्यांना काळजी नसते. तिकडे नाश्ता मिळतो, नर्स रक्तदाब बघते, भजनं होतात, नवरात्रात गरबा होतो, जेवायला खिचडी-कढी असते. "आणि एक पैसा द्यावा लागत नाही हो," हे वाक्य गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत मी कितीदा ऐकलंय.

हयातीत द्यावा लागत नाही, हे खरं. माणूस गेल्यावर राज्य सरकार त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवर दावा लावतं आणि वयाच्या ५५ व्या वर्षापासून मेडिकेडने जे काही भरलं ते परत मागतं. याला इस्टेट रिकव्हरी म्हणतात. माझ्या सासूबाई जानेवारी २०२३ मध्ये गेल्या आणि हे सगळं प्रकरण मी निस्तरलं. दोन मुलगे असताना मृत्युपत्रात त्यांनी एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी म्हणून माझं नाव घातलं होतं. "तुला कागद कळतात," एवढंच कारण. नवऱ्याला ते फार सोयीचं वाटलं.

सासरे १९७९ साली इथे आले. औषधांच्या कारखान्यात पॅकेजिंगच्या लाइनवर लागले आणि तिथूनच सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. ऐंशीच्या दशकात त्यांनी दोन बेडरूमचं टाउनहाऊस घेतलं, त्याचं कर्ज फेडलं आणि थोड्याच दिवसांत ते गेले. त्यांच्यामागे सासूबाईंना सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शनचे, महिना हजार डॉलरच्या आतबाहेर मिळायचे. बँकेत शिल्लक म्हणावी अशी नव्हती. धाकटा दीर लग्न न करता त्याच घरात आईजवळ राहिला. आम्ही पेनसिल्व्हेनियात.

म्हणजे उत्पन्न पाहिलं तर सासूबाई गरीब, आणि तरी डोक्यावर स्वतःच्या मालकीचं छप्पर. मेडिकेडची पात्रता ठरवताना राहतं घर सहसा धरत नाहीत. सगळी मेख इथेच आहे. आज सरकार घराकडे काणाडोळा करतं, आणि माणूस गेल्यावर नेमकं त्याच घरावर बोट ठेवतं. भाड्याच्या घरात राहून गेलेल्या म्हातारीच्या मागे वसूल करण्यासारखं काही उरतच नाही. श्रीमंत माणूस मेडिकेडच्या वाटेलाच जात नाही. सापडतात ते मधले, ज्यांनी चाळीस वर्षं राबून एवढं एक घर केलेलं असतं.

२०१३ मध्ये त्यांना मेडिकेड मिळालं. मेडिकेअर आधीपासून होतंच. या दोन नावांत इथे जन्म काढलेल्यांचाही गोंधळ होतो, म्हणून सांगते: मेडिकेअर हे वयाने आणि नोकरीत भरलेल्या करातून येतं, आणि त्याची अशी परतफेड नसते. मेडिकेड हे गरजूंसाठी, केंद्र आणि राज्य मिळून चालवतात, आणि हिशेब त्याचा होतो. २०१७ मध्ये सासूबाई न्हाणीघरात पडल्या, पुढे विसरायलाही लागल्या. मग त्यांना मेडिकेडच्याच दीर्घकालीन देखभालीच्या कार्यक्रमात घातलं. न्यू जर्सीत तो २०१४ पासून आरोग्यविमा कंपन्यांमार्फत चालतो. त्यात डे केअर होतंच, शिवाय घरी आंघोळ घालायला, खाऊ घालायला बाई यायला लागली. नर्सिंग होमचा दर आमच्याकडे महिन्याला दहा हजार डॉलरच्या वर आहे, आणि त्यांना तिथे जायचंही नव्हतं. घरी बाई मिळाली म्हणून शेवटपर्यंत घरी राहिल्या. या सोयीबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच नोंदवून ठेवते.

या कार्यक्रमासाठी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, समाजसेवा कार्यालयात मागच्या पाच वर्षांचे बँकेचे कागद द्यावे लागले. पाच वर्षांत कोणाला काही बक्षीस देऊन टाकलंय का, हे बघतात. दिलेलं असेल तर तेवढ्या किमतीच्या हिशेबाने काही काळ देखभालीचा खर्च मिळत नाही. सांगलीच्या एका सहकारी बँकेत सासूबाईंचं भावाबरोबर जुनं जोडखातं होतं. त्यात किरकोळ रक्कम होती, पण त्याचंही पासबुक मागवून दाखवावं लागलं. परदेशातलं धरत नाहीत हा आपल्या लोकांचा एक आवडता गैरसमज आहे. स्वतःच्या नावावर दोन हजार डॉलरपेक्षा जास्त ठेवायचे नाहीत असा त्या कार्यक्रमाचा नियम, आणि त्यात पासबुकही आलं.

त्याच गठ्ठ्यात इस्टेट रिकव्हरीचा कागद होता. अर्जदाराला हे आधी सांगायचं, असं बंधन आहे. सासूबाईंनी सही करताना विचारलं, "हे काय गं?" मी म्हटलं, "तुमच्या माघारी सरकार घरातून पैसे वळते करून घेईल." त्या म्हणाल्या, "माझ्या माघारी काय ते घ्या म्हणावं. आत्ता माझ्या गुडघ्याचं बघा."

कायद्याची गोष्ट थोडक्यात अशी. मेडिकेड १९६५ साली सुरू झालं तेव्हापासून अशी वसुली करायची मुभा राज्यांना होती. १९९३ च्या केंद्रीय कायद्याने ती सक्तीची केली. नर्सिंग होम, घरची देखभाल, त्याला जोडून आलेलं हॉस्पिटल आणि औषधं, एवढं तरी प्रत्येक राज्याने वसूल करायचंच. त्यापुढे जाऊन ५५ वर्षांनंतरचा झाडून सगळा खर्च मागायचा की नाही, हे राज्याच्या मर्जीवर सोडलं. न्यू जर्सी झाडून सगळा मागणाऱ्यांपैकी आहे. जोडीदार हयात असेल तोवर वसुली होत नाही. एकविसाच्या आतलं मूल असेल, किंवा कितीही वयाचं अंध अथवा कायमचं अपंग मूल असेल, तरी होत नाही. आमच्याकडे यातलं काहीच बसत नव्हतं. दीर पन्नाशीचा, धडधाकट, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये.

सासूबाईंचे दिवस झाल्यावर मी न्यू ब्रन्सविकला सरोगेटच्या कार्यालयात गेले. सरोगेट म्हणजे मृत्युपत्रांचं काम बघणारा काउंटीचा अधिकारी. मृत्युपत्राचं प्रोबेट, म्हणजे ते अधिकृतपणे मान्य करून घेणं, काउंटीत तिथे होतं, आणि मृत्यूनंतर दहा दिवस उलटल्याशिवाय ते करत नाहीत. मूळ मृत्युपत्र, उठावाचा शिक्का असलेला मृत्यूचा दाखला, माझं ओळखपत्र, आणि मुलांची नावं-पत्ते. काम भराभर झालं. एक्झिक्युटरची प्रमाणपत्रं मी जरा जास्तच मागून घेतली आणि ते बरं झालं, कारण बँक, पेन्शनवाले, राज्य, जो तो अस्सल प्रत मागतो. त्यानंतर आयआरएस या केंद्राच्या करखात्याकडून इस्टेटचा, म्हणजे मयताच्या मालमत्तेचा, वेगळा नंबर घेतला आणि इस्टेटच्या नावाने बँकेत खातं उघडलं. यापुढे सासूबाईंचा एकही पैसा आमच्या खात्यांत मिसळायचा नाही, असं आम्ही नेमलेल्या वकिलीणबाईंनी बजावलं.

त्यांनी दुसरं एक सांगितलं ते जास्त महत्त्वाचं. मयताचं देणं मयताच्या मालमत्तेपुरतं. मुलांच्या खिशातून सरकार काही घेऊ शकत नाही. पण सरकारचं देणं भागवायच्या आधी एक्झिक्युटरने वारसांना वाटून टाकलं, तर ते एक्झिक्युटरच्या गळ्याशी येतं. म्हणजे माझ्या. नवऱ्याच्या मामेभावाचा सल्ला होता, "गप्प बस, त्यांना कळेपर्यंत घर नावावर करून घ्या." न्यू जर्सीत धनकोंनी दावा लावायला मृत्यूपासून साधारण नऊ महिने असतात, तेवढे काढले की सुटलो, असं त्याचं गणित. ते इतर सावकारांना लागू होतं. सरकारशी हा खेळ खेळायचा सल्ला मामेभाऊ देत होता, पण सही माझी होती. मी स्वतःच राज्याच्या मेडिकेड विभागाला मृत्यूचा दाखला आणि माझं प्रमाणपत्र पाठवलं आणि लिहिलं की तुमचा काय दावा असेल तो कळवा.

दावा आला तो पत्र आणि त्यामागे याद्या. एकूण रक्कम अडीच लाख डॉलरच्या घरात.

मी आकडा नवऱ्याला वाचून दाखवला तेव्हा तो म्हणाला, "शून्य जास्त पडलं असेल." पडलेलं नव्हतं. मी त्या याद्या जेवणाच्या टेबलावर पसरून, पिवळं हायलायटर घेऊन ओळ न् ओळ वाचल्या. माझी अपेक्षा होती की डॉक्टर, एक्स-रे, गोळ्या, बाईचे तास, डे केअरचे दिवस, असं काही दिसेल. तसं फारसं नव्हतंच. कवळीचं आणि आणखी काही सुटं सोडलं, तर पानंच्या पानं एकच ओळ: महिना, आरोग्यविमा कंपनीचं नाव, रक्कम. पुन्हा पुढचा महिना, तीच कंपनी, तीच रक्कम. जुलै आला की आकडा थोडा सरकतो, कारण राज्याचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. २०१७ मध्ये देखभालीचा कार्यक्रम लागला तिथे आकडा एकदम उडी मारतो, आणि मग शेवटच्या महिन्यापर्यंत तिथेच वरती राहतो.

समजून घ्यायला मला दोन फोन आणि वकिलीणबाईंची फी लागली. राज्य आता उपचाराचे पैसे थेट देत नाही. प्रत्येक माणसामागे दरमहा ठरलेली रक्कम विमा कंपनीला देतं, माणूस डॉक्टरकडे जावो न जावो. कंपनीने त्यातून काय खर्च केला तो तिचा प्रश्न. आणि वसुली होते ती राज्याने कंपनीला दिलेल्या रकमेची. राज्याच्या माहितीपत्रकात हे स्पष्ट छापलेलं आहे: प्रत्यक्ष सेवा घेतली असो वा नसो, कंपनीला भरलेला हप्ता वसूल केला जाईल. लपवाछपवी नाही. पण ते पत्रक वाचताना कोणाच्या डोळ्यांसमोर ही पानं येणार?

उदाहरणच देते. २०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे राज्यातली डे केअर बंद झाली. व्हॅन येईना. घरी येणारी बाई स्वतःच घाबरलेली, आम्हीही घाबरलेलो, तर तिलाही बरेच दिवस नको म्हटलं. दीर घरून काम करत होता. तोच आईला आंघोळीला बसवायचा, भाकरी दुधात कुस्करून भरवायचा, दुपारच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून तिचे पाय चेपायचा. यादीत मी एप्रिल २०२० शोधला. ओळ होती. मे होता, जून होता. जुलैमध्ये आकडा वाढलेला होता.

माझं म्हणणं एवढंच आहे. सरकारने खर्च केला आणि मागे घर आहे, तर त्याने मागू नये असं मी म्हणत नाही. करदात्यांच्या पैशातून देखभाल झाली, ती मुलांच्या वारशासाठी झाली नव्हती, हा युक्तिवाद मला पटतो. पण मग जी देखभाल झाली तिचं बिल द्या. आईने किती तास बाई वापरली, किती दिवस डे केअरला गेली, हे कंपनीकडे नोंदलेलं असणार. आमच्याकडून वसूल झाला तो विम्याचा हप्ता. गाडीचा विमा वर्षानुवर्षं भरला आणि अपघात झाला नाही, तर कंपनी हप्ते परत देत नाही, हे मान्य. इथे हप्ता भरणाराच गाडीवाल्याच्या वारसांकडून तो परत घेतो.

मेडिकेअरचा मासिक हप्ता मेडिकेडने भरलेला असेल तर तो वसुलीत धरायचा नाही, असा केंद्राचा नियम २०१० पासून आहे. ते मी मुद्दाम तपासलं. यादीत तो नव्हता. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी तपशीलवार यादी मागितल्याशिवाय कशालाही मान डोलवू नये. मागितली की देतात. फोनवरच्या बाई, खरं सांगायचं तर, माझ्याशी फार चांगलं बोलल्या. सासू का आई, असं विचारलं आणि सांत्वन केलं.

मग आला सोन्याचा प्रश्न. सासूबाईंच्या अंगावर दोन पाटल्या, गळ्यात साखळी आणि कानांत मोत्यांच्या कुड्या कायम असायच्या. रोजच्या वापरातले दागिने मेडिकेडच्या पात्रतेत मोजत नाहीत. पण मालक गेला की ते मालमत्तेचा भाग, आणि एक्झिक्युटरने मालमत्तेची यादी करताना ते धरायचे. सासूबाईंनी पाटल्या मोठ्या नातीला, म्हणजे माझ्या लेकीला, तोंडी देऊन ठेवल्या होत्या. "माझ्यानंतर तुझ्या." तोंडी दिलेलं चालत नाही. हातात दिल्या असत्या तर गोष्ट वेगळी, पण त्या तर शेवटपर्यंत त्यांच्याच हातात होत्या. वकिलीणबाईंनी सुचवलं, किंमत करून घ्या, तेवढे पैसे इस्टेटच्या खात्यात भरा आणि दागिने विकत घ्या.

आम्ही एडिसन-इझेलिनमधल्या ओक ट्री रोडवरच्या एका सराफाकडे गेलो. गुजराती गृहस्थ, सत्तरीचे. पाटल्या त्यांनी उजेडाकडे धरून आतून फिरवल्या. सांगलीच्या सराफाचा शिक्का झिजून अर्धा उरला होता, तो त्यांना भिंगातून दिसला. एका पाटलीचा चेपलेला भाग पुन्हा सरळ केलेला, तिथे डाग दिलेला होता. "बाविसनो दागिनो, पण डाग म्हणजे थोडा कम धरू," ते म्हणाले आणि काट्यावर ठेवल्या. कुड्यांचे मोती काढायचे का, म्हणून विचारलं. लेक पटकन म्हणाली, "नको." मग त्यांनी मोत्यांचं वजन अंदाजाने वजा घातलं. मृत्यूच्या दिवसाचा सोन्याचा भाव काढून, दुकानाच्या कागदावर प्रत्येक नग, वजन, कॅरट आणि किंमत लिहून सही-शिक्का दिला. सगळं मिळून तीन हजार डॉलरच्या आत. भाव करायचं कारणच नव्हतं, आणि तरी नवऱ्याने सवयीने घासाघीस करून पाहिली. कमी भावासाठी की जास्त, ते त्यालाही कळत नव्हतं.

पुढचा भाग तर विनोदीच. देणी फेडायचा क्रम कायद्याने ठरलेला आहे. आधी अंत्यविधीचा वाजवी खर्च, मग इस्टेटचं काम चालवायचा खर्च म्हणजे कोर्ट-वकील वगैरे, आणि त्यानंतर सरकारचा नंबर. फ्युनरल होम आणि दहनाचं बिल नवऱ्याने आपल्या कार्डावर भरलेलं होतं. तेव्हा त्याने दागिन्यांचे पैसे इस्टेटच्या खात्यात भरले, आणि मी एक्झिक्युटर या नात्याने त्याच खात्यातून फ्युनरल होमच्या बिलापोटी त्याला चेक फाडला. बँकेतली उरलीसुरली शिल्लक वकिलीणबाईंच्या फीमध्ये गेली. ती पुरली नाही, उरलेली आम्ही भरली. रोख रकमेतून सरकारला एक छदामही मिळाला नाही, आणि सगळं नियमाप्रमाणे. तेराव्याचं जेवण, भटजींची दक्षिणा, अस्थी घेऊन नाशिकला गेलेल्या नवऱ्याचं तिकीट, हे आम्ही खर्चात दाखवलंच नाही. वाजवी म्हणजे काय यावर सासूबाईंच्या अस्थींवरून कोणाशी हुज्जत घालायची माझी तयारी नव्हती.

राहिलं घर. मृत्युपत्रात ते धाकट्या दिराला दिलेलं होतं. मुलांना न्यू जर्सीत वारसाकर नाही, त्यासाठी एल-९ नावाचा फॉर्म भरला की कराची अडचण सुटते. अडचण दाव्याची होती.

इथे फ्रीमाँटच्या चुलत नणंदेचा फोन आला. तिच्या सासऱ्यांचं असंच झालं होतं, आणि ते हयातीतच घर लिव्हिंग ट्रस्टच्या नावावर करून मोकळे झाले होते. "वहिनी, तुम्ही ट्रस्ट का नाही केलात? आमच्याकडे कोणी विचारायलासुद्धा आलं नाही." तिचं बरोबर होतं, कॅलिफोर्नियापुरतं. १ जानेवारी २०१७ पासून तिथे प्रोबेटमधून जाणाऱ्या मालमत्तेवरच दावा लागतो, आणि ट्रस्टमधलं घर प्रोबेटमध्ये येत नाही. वसुलीही केंद्राने सक्ती केलेल्या सेवांपुरतीच. न्यू जर्सीने मालमत्तेची व्याख्या ऐसपैस केलेली आहे. जोडनावावरचं, ट्रस्टमध्ये टाकलेलं, मृत्यूबरोबर आपोआप दुसऱ्याकडे जाणारं, सगळं तिच्यात येतं. एकच देश, एकच १९९३ चा कायदा, आणि म्हातारा कुठल्या राज्यात मेला यावर घर राहणार की जाणार ते ठरतं. मॅसॅच्युसेट्सनेही २०२४ मध्ये वसुली केंद्राच्या किमान मर्यादेवर आणली. तेव्हा नातेवाइकांच्या ग्रुपवरचा सल्ला कितीही प्रेमाचा असला तरी आधी राज्य विचारा.

सांगलीच्या मामेसासऱ्यांना हे सगळं व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर ते बराच वेळ गप्प होते. त्यांची बायपास महात्मा फुले योजनेतून झालेली. म्हणाले, "म्हणजे अमेरिकेचं सरकार मेलेल्या बाईकडे उधारी मागतंय?" मी म्हटलं, "होय मामा." "आणि देताय तुम्ही?"

माफीसाठी अर्ज करता येतो. पण न्यू जर्सीत त्याची कसोटी फार अरुंद आहे. ती मालमत्ताच वारसांच्या उत्पन्नाचं एकमेव साधन असली आणि ती गेल्यावर ते स्वतः सरकारी मदतीवर यायची शक्यता असली, तर विचार होतो. नोकरी करणाऱ्या दिराला ते लागू नव्हतं.

लागू झालं ते दुसरंच कलम. घरातला एखादा माणूस मयताच्या आधीपासून सलग त्याच घरात राहत असेल आणि पुढेही तेच त्याचं मुख्य राहतं घर असेल, तर राज्य घरावर बोजा नोंदवतं, पण बजावत नाही. त्या माणसाने घर आपणहून विकलं, सोडलं, किंवा तो वारला, की मग वसुली. हे कलम त्याच माहितीपत्रकात, हप्त्याच्या वाक्यापासून फार लांब नाही. मात्र राहत असल्याचा पुरावा आपण द्यायचा असतो.

दीर त्या घरात आयुष्यभर राहिलेला, आणि तरी पुरावा जमवताना नाकी नऊ आले. वीज, गॅस, पाणी सगळं सासऱ्यांच्या नावावर, काही तर अजूनही, ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी. इंटरनेट सासूबाईंच्या नावावर, कारण ज्येष्ठांना सवलत होती. शेवटी त्याची टॅक्स रिटर्न्स, ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीचा विमा, मतदार नोंदणी, कंपनीची डब्ल्यू-२ म्हणजे पगाराची वार्षिक पावती, आणि डेंटिस्टकडून येणारी आठवणीची कार्डंसुद्धा लावली. आईजवळ राहणाऱ्या प्रत्येक मुलाने एखादं तरी बिल आपल्या नावावर करून ठेवावं. आई हयात असताना हे करायला कोणाच्या भावना दुखत नाहीत.

राज्याने मान्य केलं. काउंटी क्लर्ककडे बोज्याची नोंद झाली आणि घर बोज्यासकट दिराच्या नावावर झालं. माझं एक्झिक्युटरचं काम तिथे जवळजवळ संपलं.

या सगळ्यातून सरकारला मिळतं किती, तेही मी शोधलं. काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, मेडिकेडवर सल्ला देणारा मॅकपॅक नावाचा आयोग आहे. त्याच्या २०२१ च्या अहवालात आकडा आहे: २०१९ मध्ये सगळ्या राज्यांनी मिळून सुमारे ७३ कोटी डॉलर वसूल केले. ऐकायला मोठा वाटतो, पण दीर्घकालीन देखभालीवरच्या मेडिकेडच्या खर्चाच्या तो एक टक्काही भरत नाही. आयोगानेच शिफारस केली की सक्ती काढा, ज्या राज्यांना हवी त्यांनी वसुली ठेवावी. १९९३ चं कलम अजून तसंच आहे.

गेल्या वर्षी दिराच्या कंपनीने त्याला डॅलसला बदली देऊ केली, पगारवाढीसह. आम्ही तिघं बसून आकडेमोड केली. घर आज विकलं तर दलालाची दलाली, विक्रीचे खर्च आणि राज्याचे अडीच लाख जाऊन हातात जे उरतं, त्यात डॅलसला एक बेडरूमचं डाउन पेमेंट कसंबसं झालं असतं. भाड्याने देऊन जावं, तर घर सोडलं असा अर्थ होतो. "म्हणजे वहिनी, मी इथेच म्हातारा व्हायचं," तो म्हणाला, आणि बदलीला नकार कळवून टाकला. आता घरमालकांच्या असोसिएशनची नोटीस आली आहे, सगळ्या टाउनहाऊसची छपरं बदलायची आहेत, प्रत्येकाने आपला वाटा भरायचा. दिराचा वाटा संपूर्ण त्याच्याकडूनच घेणार आहेत.